करपलेल्या डाळीला दहा गुण

करपलेल्या डाळीला दहापैकी दहा गुण मिळाले आणि दुसऱ्या दिवशी जेवायला एकही मूल आलं नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं आम्हा मोठ्यांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. मला फक्त पहिल्या गोष्टीचं नवल वाटत राहिलं. डाळ करपली होती हे मला नाकाने सांगितलं होतं, आणि नाकाला भीडभाड नसते.

पण आधी डावबाईंबद्दल सांगायला हवं. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी बावीस वर्षं काढली. वाढायचा लांब दांड्याचा डाव सदा हातात, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं आणि मग गावभर तेच झालं. त्या मुलांच्या तोंडाकडे कमी आणि ताटलीकडे जास्त बघत. सोमवारी कोण हावऱ्यासारखं जेवतं यावरून शनिवार-रविवार कुणाच्या घरी कसा गेला ते त्यांना कळायचं. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, दोन दिवसांनंतरचा सोमवार असा असतो, तर दोन महिन्यांनंतरचा कसा असेल?"

मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकं बांधते. सुटलेली पानं शिवते, पुठ्ठे बदलते, कण्यावर कापड चढवते. माझ्या शेजारची खोली रिकामी होती. तिथे एक मोरी, एक खिडकी आणि भिंतीइतकं लांब टेबल. वाचनालयाच्या मंडळींनी सुट्टीपुरती ती दिली. धान्यवाल्याने तांदूळ-डाळ द्यायचं कबूल केलं, भाजीवालीने उरलेली भाजी. समोरच्या दुकानातल्या घड्याळकाकांनी आपल्या घरची मोठी शेगडी आणून ठेवली आणि भांडी घासायचं काम आपणहून घेतलं. "घड्याळं हल्ली कोण दुरुस्त करतं? पातेली तरी चकचकीत करू," म्हणाले.

इथवर सगळं छान झालं. मग काकांनी सुंदर अक्षरात पाटी लिहून दारावर लावली: गरजू मुलांसाठी मोफत जेवण.

पहिले तीन दिवस मिळून चार मुलं आली. त्यातली दोघं पाणी प्यायला.

चौथ्या दिवशी डावबाईंनी पाटी काढून शेगडीजवळ ठेवली. "काका, अक्षर मोत्यासारखं आहे, पण मजकूर मेला दगडासारखा. गरजू म्हटल्यावर कोण येईल? मी तरी गेले असते का?" आणि पदराने घाम पुसत त्या तशाच मागच्या गल्लीत गेल्या. तिथे सावलीत मुलं खेळत होती. त्यांच्यासमोर उभं राहून त्यांनी जाहीर केलं, की आपल्याला एका मोठ्या ठिकाणी स्वयंपाकाची परीक्षा द्यायची आहे, त्याआधी सराव हवा, आणि चाखून गुण देणारे परीक्षक हवेत. "कडक हवेत हं. लाडोबा नकोत."

दुसऱ्या दिवशी अकरा परीक्षक आले. आठवड्याअखेर सव्वीस झाले.

मला मात्र चुटपुट लागली. रोज सकाळी देवापुढे हात जोडून मी एवढंच मागते, की आज तोंडातून खोटं निघू नये. बरीच वर्षं ते जमवत आले आहे; एकटी राहते, कमी बोलते, त्यामुळे फार अवघड जात नाही. मी डावबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, "बाई, हे खोटं आहे."

"मग तू बोलू नकोस. मी बोलते," त्या म्हणाल्या. "व्रत तुझं आहे, माझं नाही. तू वह्या शीव."

मी वह्या शिवल्या. उरलेल्या कागदांच्या, तळहाताएवढ्या, सव्वीस. प्रत्येक पानावर चार रकाने: मीठ, शिजणं, वास, आणि चौथा डावबाईंनी सांगितलेला, "पुन्हा घ्यावंसं वाटतं का". हा चौथा रकाना दुसऱ्यांदा वाढून घेतल्याशिवाय भरता येत नसे, असा त्यांचा कडक नियम होता. सगळ्याचे मिळून दहा गुण. आणि वह्या वाटल्या त्याच दिवशी एका मुलाने विचारलं, की परीक्षा संपणार कधी, तेव्हा डावबाई बेधडक म्हणाल्या, "ज्या दिवशी तुम्ही सगळेच्या सगळे दहापैकी दहा द्याल त्या दिवशी मी पास. संपली परीक्षा."

नंतर मला डोळा मारून म्हणाल्या, "सव्वीस मुलांचं एकमत? जगबुडी होईल तेव्हा."

मुलांनी काम फार मनावर घेतलं. घास तोंडात ठेवून डोळे मिटत. "बटाट्याला मिठाची ओळखच झालेली नाही," असे शेरे येत. "भोपळा आवडला नाही, पण तो भोपळ्याचा दोष आहे, बाईंचा नाही. आठ." सगळ्यांत कडक होती एक दहा-अकरा वर्षांची मुलगी. दोन घट्ट वेण्या, कपाळावर आठी. काही झालं तरी ती सहाच्या वर जात नसे, म्हणून तिचं नाव पडलं सहागुणी. तिच्यामागे तिची पाच वर्षांची बहीण, फ्रॉकचं टोक धरून, जाईल तिथे. तिला सगळे शेपटी म्हणत. शेपटीला लिहिता येत नव्हतं. ती रकान्यात गोल काढी, आणि गोल जितका मोठा तितकं जेवण चांगलं.

"सहाच का गं?" डावबाई रोज विचारत.

"सुधारायला जागा हवी ना," सहागुणी म्हणे.

पाचव्या आठवड्यात तो दिवस आला. मी एका जाड शब्दकोशाचा कणा चिकटवत होते तेव्हा करपल्याचा वास आला. बाहेर वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांनीसुद्धा मान वर केली. मी गेले तर डावबाई तांदळाच्या पोत्यावर बसलेल्या. "जरा टेकले तर लागली बुडाला," म्हणाल्या. "वरची वरची घेते, कुणाला कळायचं नाही."

न कळायला काय झालं! मुलं बसली, वाढणं झालं, आणि पहिल्या घासाला टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग सहागुणी शेजारच्याच्या कानात काही बोलली. त्याने पुढच्याच्या. ते बोलणं टेबलाला वळसा घालून परत तिच्याकडे आलं. मी दारात उभी होते. मला काही ऐकू आलं नाही, फक्त माना हललेल्या दिसल्या. मग पेन्सिली चालल्या.

सव्वीस वह्या. सव्वीस वेळा दहा. शेपटीचा गोल पानात मावला नव्हता. त्याचा थोडा भाग टेबलावर होता.

"पास झाले गं मी!" डावबाई हसत हसत ओरडल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सहागुणीने वह्या गोळा करून, कोपरे जुळवून, गठ्ठा माझ्या हातात दिला. "मावशी, ह्या आता तुमच्याकडे," म्हणाली. आम्हाला वाटलं, शिस्तीची मुलगी आहे.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले, साडेबारा वाजले. भात झाकून ठेवलेला, ताटल्या मांडलेल्या. घड्याळकाका चार वेळा दारापर्यंत गेले आणि प्रत्येक वेळी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून आले, जणू चूक त्याचीच.

"कुठेतरी सर्कस आली असेल," ते म्हणाले.

"डाळीला कंटाळली," धान्यवाला म्हणाला. तो पोतं टाकायला आला होता. "मी पण कंटाळलोय. विकून विकून."

डावबाई एकच्या सुमाराला म्हणाल्या, "काल करपलं होतं ते कळलं त्यांना. दहा दिले ते भिडेपोटी. आता तोंड दाखवायला लाजतायत."

"मग ताटं घेऊन घरोघर जाऊ," काका म्हणाले.

"दारात नेलेलं ताट ती घेणार नाहीत. बावीस वर्षं वाढलंय मी, काका. ताटाशी आलेलं मूल जेवतं. मुलाशी आलेलं ताट परत जातं."

त्या दिवशीचा भात भाजीवालीच्या गाईला गेला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. डावबाईंनी मूठभर तांदूळ कमी घेतला होता, बस, एवढाच फरक. मागच्या गल्लीत मुलं खेळताना दिसत होती, पण आमचं कुणी दिसलं की कोपऱ्यावरून वळत. मला राहवेना. करपलेल्या डाळीला भिडेपोटी सात देता येतात, आठ देता येतात. सहाच्या वर न जाणारी मुलगी एकदम दहावर का गेली? आणि ते टेबलाला वळसा घालून आलेलं बोलणं काय होतं? दुपारी मी हात धुतले, नखांतली खळ काढली आणि सहागुणीचं घर विचारत निघाले.

इस्त्रीच्या दुकानामागे त्यांची एक खोली होती. भिंतीपलीकडची इस्त्रीची ऊब आतपर्यंत येत होती. खिडकीच्या फुटक्या काचेला पुठ्ठा लावलेला, दोरीवर तीन निळे झगे वाळत घातलेले. त्यांची आई बाटल्या धुण्याच्या कारखान्यात जाते, संध्याकाळी येते. पलंगाखाली वह्यापुस्तकांची रास, नीट कोपरे जुळवलेली. सहागुणीने दार उघडलं, मला बघितलं आणि पाठीमागे हात नेऊन काहीतरी झाकलं.

शेपटी मात्र मोकळी होती. "मावशी, आम्ही पाव खाल्ला! पाण्यात बुडवून. तो मऊ होतो."

"आणि काल?" मी विचारलं.

"कालचा पाव बुडवल्यावर फुटला."

"गप गं," सहागुणी म्हणाली. मग मला, "बसा ना मावशी."

मी पलंगाच्या कडेला बसले. गोड बोलून काढून घेणं मला येत नाही. मी सरळ विचारलं, "डाळ करपली होती. तू दहा का दिलेस?"

"तुम्ही बाईंना सांगणार?"

"त्यांनी विचारलं तर सांगावं लागेल. मी खोटं बोलत नाही."

"माहीत आहे. म्हणून तर तुम्ही परीक्षेबद्दल कधीच काही बोलला नाहीत."

मी चपापले. "म्हणजे?"

"मावशी, परीक्षा कुठे असते हो अशी?" तिच्या आवाजात थट्टा नव्हती, उलट मलाच समजावत होती. "दोनदा वाढून घ्यायचं, आणि तेही रकान्यासाठी! आमच्यातल्या मोठ्या मुलांना सगळ्यांना माहीत होतं. लहानांना नव्हतं, त्यांना आम्ही सांगितलं नाही. ती खरंच गुण द्यायची."

"मी खरंच द्यायची," शेपटी म्हणाली.

"मग दहा का?"

सहागुणीने पाठीमागचा हात पुढे आणला. हातात पावाचा अर्धा तुकडा होता. तो तिने खिडकीत ठेवला. "बाईंचा हात थरथरतो. वाढताना डाव ताटलीच्या काठावर वाजतो. आधी नव्हता वाजत. मग रोज वाजायला लागला, टक टक टक. त्या दिवशी त्यांनी मला वाढलं आणि टेबल धरून उभ्या राहिल्या, किती वेळ. आम्ही त्यांना सांगितलं असतं, की बसा, तर बसल्या असत्या का?"

"नसत्या."

"सुट्टी संपेपर्यंत त्या अशाच उभ्या राहिल्या असत्या. आणि थांबवायचा एकच नियम होता, त्यांनीच केलेला. म्हणून पास केलं." तिने नाक ओढलं. "सगळे लगेच तयार झाले. एकालाच आठ द्यायचे होते. त्याला मी चिमटा काढला."

पाच आठवडे मी भिंतीपलीकडे होते. काका मोरीपाशी होते. ते टक टक आम्हीही ऐकलं असणार. पण आम्ही मुलांची ताटं बघत होतो, आणि मुलं वाढणाऱ्या हाताकडे. मुलांना कळू नये म्हणून आम्ही नाटक रचलं, आणि त्याच नाटकाच्या आडून त्यांनी त्या बाईची सुटका केली, पदरचं जेवण घालून.

"तुमची भूक?" मी विचारलं.

"पाव आहे ना."

"हे तू खरं बोललीस?"

शेपटीच बोलली: "पाव कमी असले की दोघींना एक. ताई म्हणते तिला आवडत नाही."

मग मी म्हटलं, "हे बघ, मी जे खरं आहे तेच सांगते. बाईंना आता उभं राहून रांधणं झेपत नाही, हे तुझ्यामुळे कळलं. आणि तुम्ही सव्वीस जण जेवला नाहीत तर त्या घरी बसूनही आजारी पडतील. मला यातून वाट दिसत नाही. तुला दिसते का?"

तिने वेणीचं टोक चावलं. "तुम्हाला येतो स्वयंपाक?"

"नाही."

"मुळीच नाही?"

"मी एक वेळ जेवते, तेही भाजी उकडून. खळ मात्र उत्तम शिजवते."

"खळ म्हणजे?"

"पिठाची. तिने पुस्तकं चिकटवतात."

सहागुणीच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. "मग तुमची परीक्षा घेऊ," ती म्हणाली. "खरी खरी. यात काही खोटं नाही ना?"

मी विचार करून बघितलं. कुठूनही बघितलं तरी खोटं नव्हतं. "नाही."

"आम्ही नापास करू हं. दया दाखवणार नाही."

"दाखवू नका."

"आणि पास झालात तर? मग परत बंद?"

"सुट्टी संपायच्या आत मी पास होईन असं मला अजिबात वाटत नाही," मी म्हटलं. "आणि हे मी शपथेवर सांगायला तयार आहे."

सहागुणी पहिल्यांदा हसली. पुढचा एक दात अर्धा होता, हे तेव्हा दिसलं.

तिथून मी थेट डावबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, "काय म्हणाली पोर?" आणि मी पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सगळं सांगितलं, टक टक सुद्धा. त्यांनी हाताची घडी घातली. बहुतेक हात दिसू नये म्हणून.

"कार्ट्यांनी मला घरी बसवलं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "दहा गुण देऊन." मग आणखी थोड्या वेळाने, "आणि तू? तू रांधणार? अगं, तुला पाणी उकळायला दिलं तर तेही खाली लागेल!"

"तुम्ही खुर्चीवर बसून सांगा. मी करीन."

"मी बसणार नाही."

"मग मुलं येणार नाहीत, बाई. त्यांनी तशी अट घातलीय."

ही अट त्यांनी घातली होती. निघताना सहागुणीने दारातून ओरडून सांगितलं होतं. तरी मला दोनदा आठवून बघावं लागलं, की मी काही वाढवून तर सांगत नाही ना.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना आटोपून मी शेगडी पेटवली. डावबाई खिडकीपाशी खुर्चीवर, पायाखाली पाट. डाव मी मागितला तेव्हा त्यांनी तो जरा उशिराच सोडला.

"अगं, ढवळतेयस की कण्याला कापड लावतेयस? तळापासून! तळापासून ढवळ! आणि आच कमी कर. कमी म्हणजे बंद नाही!"

घड्याळकाका मोरीपाशी पातेलं घासायचं सोडून हसत होते. "ताई, भात शिजलाय की बांधून झालाय?" म्हणाले.

"काका, तुम्ही पातेलं बघा."

बाराला पाच कमी असताना गल्लीच्या टोकाला पावलं वाजली. आधी कुणी दिसेना. मग सहागुणी आली, तिच्या फ्रॉकला शेपटी, आणि मागे रांग. मी दारात उभी राहून मोजत गेले. चोवीस, पंचवीस. आठ देणारा मुलगा सर्वांत शेवटी आला, दंड चोळत. सव्वीस.

मी वह्या वाटल्या. वाढलं. माझा हात थरथरत नव्हता, पण भाताचा गोळा डावाला सोडत नव्हता; झटकावा लागला. मुलांनी पहिला घास घेतला. कुणी डोळे मिटले नाहीत. बहुधा हिंमत झाली नाही.

"मावशी," एकाने अदबीने विचारलं, "हा भात आहे ना?"

"हो."

"नाही, लिहायला लागतं म्हणून विचारलं."

टेबलावर हशा उसळला आणि हात चालायला लागले. सगळ्यांचे. शेपटीने भाताचा गोळा दोन्ही हातांत धरला होता आणि पावासारखा तोडून खात होती. सहागुणी खात नव्हती. ती खुर्चीकडे बघत होती.

"बाई, तुम्ही पण या ना. परीक्षक कमी पडतायत."

"मी नंतर जेवते. मी पोरांच्या पंगतीत कधी बसले नाही."

"आज तुम्ही वाढत नाही आहात."

डावबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी काही तरी सांगावं म्हणून. पण मुलगी बोलली ते खरं होतं. शेपटीने सरकून बाकावर वीतभर जागा केली. डावबाई टेबल धरून उठल्या, चार पावलं चालल्या आणि त्या वीतभर जागेत बसल्या. मी ताटली ठेवली. त्यांनी डाळीत बोट बुडवून चाखलं, आणि बावीस वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर कुणी बघितली नसेल अशी आठी उमटली.

"अगं, मीठ घातलंयस का हिच्यात?"

"नाही," मी म्हटलं. "विसरले."

"मग उभी काय राहिलीस माझ्या तोंडाकडे बघत? आण ना! पोरं जेवतायत."